दुसरे डोळे

आमच्या मंडळात एकट्यानं पाहिलेला पक्षी पक्षी नसतो. ‘पाहिला’ म्हणणारा एक लागतो आणि ‘होय, मीही पाहिला’ म्हणणारा दुसरा लागतो. त्या दुसऱ्याला आम्ही दुसरे डोळे म्हणतो. दुसरे डोळे मिळाले की नोंद शाईनं होते. नाही मिळाले तर पेन्सिलीनं. आणि पुढच्या रविवारपर्यंत कोणी पुढे आलं नाही, तर पोस्टातल्या बाई खोडरबरानं ती पुसतात आणि वहीवर हलकी फुंकर मारतात. त्या फुंकरीबरोबर पाखरू उडून जातं. जसं काही ते फांदीवर कधी बसलंच नव्हतं.

नियम दातांच्या डॉक्टरांनी केला. मंडळही त्यांनीच काढलं. तळ्याकाठची पायवाट त्यांनीच काट्याकुट्यांतून मोकळी करून घेतली आणि वाटेच्या तोंडाशी फाटक आहे त्याच्या शेजारी लाकडी फळाही त्यांनीच उभा केला. या वाटेवर पहिल्यांदा दिसलेला प्रत्येक पक्षी त्या फळ्यावर रंगवलेला आहे. वर पक्ष्याचं नाव, खाली पाहणाऱ्याचं, त्याखाली बारीक अक्षरात दुसऱ्या डोळ्यांचं. डॉक्टरांचं नाव अकरा ठिकाणी होतं. चाळीस वर्षं त्यांनी गावाचे दात काढले आणि बसवले. त्यांच्यापुढे उघडलं नाही असं तोंड गावात उरलं नव्हतं. ते ‘आ करा’ म्हणाले की माणसं आ करायची. पाखरांचंही तसंच. ते आहे म्हणाले तर आहे, नाही म्हणाले तर नाही.

माझ्या बाबांचं नाव त्या फळ्यावर नव्हतं. असायला हवं होतं. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं असं नाही, पण हे सगळ्यांत जास्त हवं होतं.

बाबा टेलर, गाव त्यांना मास्तर म्हणायचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. मशीन खिडकीशी आणि खिडकीत पाण्याची बशी. सुई ओवताना नजर वर जायची, तेवढ्यात जे बशीवर येऊन बसेल ते बाबांचं पाखरू. पुस्तकातली नावं त्यांना यायची नाहीत. त्यांची पाखरं कपडे घालून यायची. धोबी म्हणजे काळं जाकीट आणि पांढरी पँट. हळद्या म्हणजे पिवळं रेशीम, हाताला काळी गोट. साळुंकी म्हणजे रोजच्या वापरातला तपकिरी सदरा, धुवून धुवून विटलेला. आणि पानं शिवून घरटं करणारा शिंपी पक्षी म्हणजे आमचे थोरले बंधू, कारण त्यांना गिऱ्हाइकाची मापं घ्यावी लागत नाहीत. पुढे बाबा रविवारी मंडळाबरोबर जायला लागले. तिथेही ते असंच बोलायचे आणि लोक हसायचे. तेव्हाचं हसू गोड होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या वसंतात, तळ्याच्या टोकाला जुनं पंपघर आहे तिथे, गळक्या नळाखालच्या चिखलात बाबांना केशरकंठ्या दिसला. राखी-निळा, मुठीएवढा पक्षी, गळ्याशी केशराचं बोट ओढल्यासारखा रंग. वसंतात तो दूरच्या डोंगरांकडे जातो, पण आमच्या बाजूनं जात नाही असं सगळे पुस्तकवाले सांगतात. बाबांच्या शेजारी त्या वेळी एकच माणूस उभा होता. डॉक्टर. बाबांनी बोट केलं, पाखरू वळलं, शेपूट उघडली आणि भुर्रकन गेलं.

फाटकापाशी यादी वाचताना बाबा म्हणाले, केशरकंठ्या, एक. गळा केशरी, आणि उडताना शेपटीला पांढरा काठ. बाईंनी विचारलं, दुसरे डोळे? सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, “मी दुर्बिणीची काच पुसत होतो. पण असता तर दिसला असता.”

आणि मग, कोणी मागितलं नसताना, त्यांनी आणखी एक टाका घातला. केशरकंठ्याच्या शेपटीला पांढरं काही नसतं, चित्रात नाही. चित्रातला केशरकंठ्या मिटलेल्या शेपटीनं बसलेला असतो, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. बँकवाले काका म्हणाले, “मास्तरांनी घरून झालर लावून आणली असेल.” त्यावर जो हशा पिकला तो पुढे तीन वर्षं पिकत राहिला. बाबा रस्त्यानं निघाले की कोणीतरी विचारायचं, मास्तर, आज कुणाच्या शेपटीला झालर? गिऱ्हाइकंसुद्धा. पडद्याला झालर लावायला आलेली बाईसुद्धा तोंडाला पदर लावायची.

अशानं माणूस मरत नाही. बाबा तीन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले, त्यात डॉक्टरांचा काही हात नाही. पण त्यानंतर ते वाटेवर गेले नाहीत. दुर्बीण गिलाफात घालून कपाटावर ठेवली आणि बशीवरचं पाखरूसुद्धा सांगेनासे झाले. शेवटच्या आठवड्यात मी उशी नीट करत होते, तर माझं मनगट धरून म्हणाले, “काठ होता ग. मी कापडातला माणूस. काठ मला कळतो.”

मी म्हटलं, होता बाबा. पण मी पाहिला नव्हता. घरातली माणसं दुसरे डोळे होत नाहीत.

बाबा गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी कपाटावरची दुर्बीण काढली आणि मंडळात नाव घातलं. लोकांना वाटलं, पोरगी मोठ्या मनाची. डॉक्टरांनी स्वतः माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली मान घातली, म्हणजे डोळे दिसू नयेत.

सोळा वर्षं मी त्या माणसाच्या मागून चालले. कशाची वाट पाहत होते ते माझं मलाही सांगता आलं नसतं. पण शिकत होते. त्यांचा कुठला पाय आधी दमतो, कुठल्या झाडाशी ते हमखास थांबतात, कुठला पक्षी त्यांना आवाजावरून चकवतो. मला शिट्टीचे पक्षी आले, सावलीचे आले, पाठमोरे आले. मंडळातले डोळे मोजायला बसलात तर पहिले माझे, असं डॉक्टरच म्हणायचे. टाचणी बोचून ठेवावी कापडात आणि विसरावं, तसं ते मी बोचून ठेवलं होतं. विसरले मात्र नव्हते. हात फिरवला की लागायचं.

या वसंतात डॉक्टरांचा उजवा डोळा पूर्ण गेला. डावाही धुरकट होत चालला होता. त्यांनी सांगून टाकलं की हा शेवटचा हंगाम. आता मंडळ आणि फाटकाची किल्ली दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी. आणि चहाचे पेले हातात असताना सहज म्हणावं तसं म्हणाले, एक केशरकंठ्या तेवढा राहिला.  मी पेला विसळायला उठले.

त्या रविवारी बँकवाल्या काकांचा पाय मुरगळलेला, म्हणून ते फाटकाशीच बाकावर बसले. डॉक्टरांना नेहमी हात द्यायचे ते काकाच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला.

बाकीचे लव्हाळ्यांच्या बाजूला पांगले. आम्ही दोघं हळूहळू पंपघराकडे. पालवी अजून तांबूस होती, हात लावला तर रंग लागेल अशी. डॉक्टरांचा हात माझ्या कोपरात वाळक्या काटकीसारखा. पायऱ्यांशी मी म्हणायची, एक, आता दुसरी, आणि ते पाऊल टाकायचे. कोणी लांबून पाहिलं असतं तर बाप-लेक वाटलो असतो. ते मला खुपलं.

पंपघराचा नळ अजून गळतोच आहे. त्याच्याखाली तोच चिखल. आणि चिखलाच्या कडेला, पाण्यात चोच बुडवून, तो.

मी श्वास धरला. डॉक्टरांनीही धरला, कोपरात कळलं मला. दोन दुर्बिणी एकदम वर गेल्या. काय सांगू कसा होता. भिजलेल्या पाटीसारखा निळसर राखी, आणि त्यानं चोच वर केली तेव्हा गळ्यातून घोट उतरताना ते केशर हललं. डोळ्याभोवती बारीक कडं. त्यानं आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं असं मी म्हणेन. मग वळला, शेपूट उघडली, आणि शेपटीला या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढराशुभ्र काठ. एका मापाचा, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. असा काठ मलाही शिवता आला नसता.

“काठ,” डॉक्टर म्हणाले.

बाबांचा शब्द. पुस्तकातला नाही, पक्ष्यांच्या शास्त्रातला नाही; आमच्या दुकानातला. एकोणीस वर्षं तो त्यांच्या तोंडात कुठल्या दाढेखाली अडकून राहिला होता कोण जाणे.

पाखरू गेलं. डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांच्या एका उरलेल्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, “पाहिलास? गळा पाहिलास?”

आता हे समजून घ्या. मी ‘हो’ म्हटलं असतं तर डॉक्टरांची नोंद पक्की झाली असती. पण काठही पक्का झाला असता. बाबा खरे ठरले असते. निदान झालरीचा विनोद त्या दिवशी संपला असता. आणि ‘नाही’ म्हटलं तर डॉक्टर बुडणार, पण बाबा पुन्हा एकदा बुडणार, आणि या वेळी बुडवणारी मी. हे सगळं मला तिथल्या तिथे कळलं. पुढे सुचलं असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही.

मी दुर्बीण खाली घेतली आणि म्हटलं, “कुठे?”

फाटकापाशी यादी वाचली. बुलबुल बावीस, साळुंक्या एकवीस, खंड्या दोन. डॉक्टर शेवटी बोलले. केशरकंठ्या, एक, पंपघरापाशी.  बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, दुसरे डोळे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की मी त्यांच्या शेजारीच होते, दुर्बीणही तिकडेच होती, पण मला नाही दिसला.

बाईंनी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.

डॉक्टरांना राहवेना. गळा कसा, डोळ्याभोवतीचं कडं कसं, सांगत सुटले. आणि सांगता सांगता म्हणाले, शेपटीला पांढरा काठ होता. बाकावरून काकांनी पाय चोळत विचारलं, “काठ की झालर हो डॉक्टर?” आणि सगळे हसले. तेच हसू. इतकी वर्षं कुठे जपून ठेवलं होतं लोकांनी, घडीसुद्धा मोडली नव्हती. डॉक्टरांचे कान लाल झाले. मी त्या लाल कानांकडे पाहत राहिले. गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

घरी मावशी. आईची धाकटी बहीण, गुडघ्यांनी जायबंदी. मागच्या खोलीतल्या खिडकीशी तिची खुर्ची. तिच्या खिडकीतही पाण्याची एक बशी आहे, ती तीच भरते. बाबांची पाखरं कपडे घालून यायची, मावशीची नात्यानं येतात. कोतवाल म्हणजे भावजी, कारण उगाच सगळ्यांवर डाफरतात. साळुंकी म्हणजे वन्सं, पाणी पितात आणि वर बशी वाकडी करून जातात. चिमण्या म्हणजे चुलत घरातली पोरं, मोजायची नाहीत, दृष्ट लागते. मी आत आले तेव्हा ती भावजींना दटावत होती.

मी मशीनवर बसले. पाय चालायला लागला आणि मला न कळत गळ्यातून आलं,

पाखरू आलं पाण्याला, पाण्यात पडली छाया
घोटाघोटानं ग बाई, निघालं केशर प्याया

मावशीनं आतून विचारलं, “काय पाहून आलीस?”

मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच.

“नेहमीचं पाहून कोणी गात नाही.”  मी चहा घेऊन आत गेले तर माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होती. मग मी सांगितलं. पाखरू नाही सांगितलं. डॉक्टरांचे लाल कान सांगितले. मावशी हसली नाही. म्हणाली, “सूड म्हणजे उसवून पुन्हा शिवायचं काम ग. कापड तेवढंच राहतं, भोकं दुप्पट होतात.”

मी म्हटलं, मला भोकांचीच हौस आहे. ती म्हणाली, “मग हौस कर. पण तुझ्या बापाचं पाखरू त्याच भोकातून गेलं, तेवढं लक्षात ठेव.”

ते मला लागलं. आठवडाभर बटणं शिवताना, हुक लावताना तेच. सूड घेतला होता तो अर्धाच होता. दोघं बुडाले होते, आणि त्यातल्या एकाला मला वर काढायचं होतं.

गुरुवारी दुपारी डॉक्टर दुकानात आले. काठी टेकत, हातात पँटींची पिशवी. म्हणाले, कंबर सैल झाली आहे सगळ्यांची. खरं तर त्यांची सून बाजारातून तयार पँटी आणते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी बाबांची मापांची वही काढली. डॉक्टरांचं पान अजून होतं, बाबांच्या तिरक्या अक्षरात, कंबर छत्तीस. मी त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवली. एकतीस. माणूस एवढा आटला होता आणि मी मागून चालत असताना मला तो मोठाच दिसत होता.

मी गुडघ्यांवर बसले, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि पट्ट्याला चिमटा घेऊन एकेक लावायला लागले. डॉक्टर समोरच्या भिंतीकडे, म्हणजे बाबांच्या तसबिरीकडे, तोंड करून उभे. तसबीर त्यांना कितपत दिसत होती कोण जाणे. आयुष्यभर त्यांनी लोकांना आ करायला लावलं आणि लोकांना बोलता आलं नाही. आज माझ्या ओठांत टाचण्या होत्या, आणि बोलायचं त्यांना होतं.

आधी ते आडवळणानं बोलले. पुढच्या वसंतात मला फाटकसुद्धा दिसणार नाही, वगैरे. मी एक टाचणी लावली. मग म्हणाले, त्या साली त्यांची एक पुस्तिका आदल्याच दिवशी छापून आली होती, दोनशे प्रती, नाव ‘या वाटेवरचे पक्षी’. घरभर शाईचा वास. तिच्यात त्यांनी लिहिलं होतं, केशरकंठ्या इकडे येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बोट करून दाखवतात.

मी दुसरी टाचणी लावली.

“मला दिसला होता,” डॉक्टर म्हणाले. “गळा, काठ, सगळं. तुझ्या बाबांच्या आधी दिसला असेल. काच मी नंतर पुसली.”

मशीनवरचं कापड घसरून खाली पडलं, ते उचलायला मी उठले नाही.  मला इतकी वर्षं वाटत आलं होतं की ते गाफील होते आणि कमीपणा नको म्हणून नाही म्हणाले. तेवढ्यावर मी एकोणीस वर्षं काढली होती. हे तर त्याच्या कितीतरी पुढचं होतं. हातातली टाचणी त्यांच्या मांसात जाऊ शकली असती. मी ती कापडातच लावली, नीट, आडवी, बाबांनी शिकवल्यासारखी.

“त्यांना सांगायचं राहून गेलं,” ते म्हणाले. “रोज वाटायचं, उद्या. आणि आता मला कळलं, पाहिलेलं कोणी मानत नाही तेव्हा काय होतं ते. चार रात्री झोप नाही. तू एकदा हो म्हण. तुला दिसला होता. तू तिकडेच बघत होतीस. मंडळात तुझ्याइतकी नजर कोणाची नाही.”

मी शेवटची टाचणी ओठांतून काढली.

“आधी तुमचं बोला, डॉक्टर. फाटकापाशी, सगळ्यांसमोर. मग माझं बघू.”

“म्हणजे दिसला होता?”

“कमरेत चार इंच घेऊ की पाच?” मी विचारलं.

त्यांनी टाचण्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले पाच घे, आता काही अंग धरायचं नाही.

रविवारी मी बाबांची मापाची जुनी टेप खिशात घालून गेले. उगाच. हाताला काहीतरी लागतं.

फेरी झाली, यादी झाली. बाई पेन्सिलीच्या नोंदीकडे वळणार तोच डॉक्टर उठले. म्हणाले, त्याच्या आधी एक जुनी नोंद आहे. आणि त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पुस्तिका, शाईचा वास, बोट, गळा, काठ. “मी पाहिला होता आणि मी खोटं बोललो. मास्तर खरे होते.” एवढं म्हणून ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. कोणी हसलं नाही. काका आपल्या मुरगळलेल्या पायाकडे बघत होते. तळ्यावर पाणकोंबडी ओरडली.

बाई घरी जाऊन एकोणीस वर्षांपूर्वीची वही घेऊन आल्या. तोवर सगळे बसून राहिले, कोणी चहासुद्धा ओतला नाही. ते पान निघालं. पेन्सिलीची ओळ पुसलेली, पण कागदावर वळ राहिला होता. उजेडात तिरकं धरलं तर वाचता येत होतं. बाईंनी त्याच वळावरून शाई फिरवली. केशरकंठ्या, एक. पंपघर. शेपटीला पांढरा काठ. पाहणारे, टेलर मास्तर. दुसरे डोळे, डॉक्टर. मग त्या पानावर फुंकर मारली, शाई वाळावी म्हणून. या फुंकरीनं काही उडालं नाही.

काकांनी माझ्याकडे न बघता म्हटलं की फळ्यावर रंगवायचं काम ते करतील. मी मान हलवली.

“आता ही,” बाई म्हणाल्या. त्यांनी या सालची वही पुढे ओढली. “केशरकंठ्या, एक. पाहणारे, डॉक्टर.” त्यांच्या हातात आधीच पेन होतं, त्यांना काय, सगळ्यांनाच वाटत होतं की आता शाईच लागणार. “दुसरे डोळे?”

डॉक्टरांनी तो एक डोळा माझ्याकडे वळवला. त्यात भीती नव्हती. त्यांनी आपलं बोलून टाकलं होतं, माणूस हलका झाला होता, आणि मी हो म्हणणार याची त्यांना खात्री होती. बाबांचीही असेल, त्या दिवशी.

मी म्हटलं, “मी काच पुसत होते.”

बाईंचं पेन हवेतच राहिलं. कोणीतरी खाकरलं. मंडळात जुनी माणसं बरीच आहेत. ते वाक्य ज्यांना आठवायचं त्यांना आठवलं. बाईंनी माझ्याकडे पुरतं पाहून घेतलं, मग पेन मिटलं, खोडरबर घेतला आणि पुसलं. हलक्या हातानं पुसलं, पण पुसलं.

उठताना डॉक्टरांना हात द्यायला काका लंगडत पुढे झाले. माझ्याजवळून जाताना डॉक्टर थांबले.

“झाली का पुसून?” त्यांनी हळूच विचारलं. टोमणा नव्हता तो. दाढ काढल्यावर ते जसं विचारायचे, दुखतंय का अजून, त्याच आवाजात.

मी खिशातली टेप मुठीत धरली. ते फाटकाची कडी चाचपत बाहेर पडले.

फळ्यावर नवी नोंद रंगवली आहे. केशरकंठ्या. टेलर मास्तर. खाली बारीक अक्षरात डॉक्टर. त्यांची अकराची बारा झाली, हे मला आधी सुचलं नव्हतं. पण बाबांच्या नावाखाली झाली, आणि बारीक अक्षरात. लोक दुकानासमोरून जाताना आता झालरीचं बोलत नाहीत. माझ्याशीही जरा बेतानंच बोलतात. डॉक्टर वाटेवर येत नाहीत. त्यांच्या पँटी शिवून, इस्त्री करून, खुंटीला टांगलेल्या आहेत. टाके इतके बारीक घातलेत मी की उलट बाजूनंसुद्धा दिसत नाहीत. न्यायला कोणी आलेलं नाही.

परवा संध्याकाळी मशीनवर बसले होते. खिडकीतल्या बशीवर शिंपी आला, आमचे थोरले बंधू, शेपूट वर करून दोन घोट प्याला आणि गेला. आणि एकाएकी माझ्या डोळ्यांपुढे ते केशर हललं. घोट उतरताना हललेलं. ते मी पाहिलं होतं, मी आणि आणखी एकानं, या सगळ्या गावात दोघांनीच. ते कसं होतं हे ज्याला सांगितलं तर कळलं असतं असा एकच माणूस होता.

“काय ग, कोण आलं होतं?” मावशीनं आतून विचारलं.

“बंधू.”

“ते ऐकलं मी. त्या दिवशीचं विचारतेय. तुझ्या गाण्यातला तो केशरकंठ्या. कसा होता?”

मी तोंड उघडलं. टाचण्यांची डबी पुढ्यातच होती. दोन टाचण्या उचलून मी ओठांत धरल्या, आणि खुंटीवरची एक पँट काढून तिच्या कमरेचा टाका उसवायला घेतला.